मुंबईत मतं मागायची रीत कशी बदलत गेली, आणि आज घरोघरी कसं जावं

प्रश्न असा आहे: "प्रभागात पहिल्यांदाच प्रचाराची जबाबदारी अंगावर आली आहे. जुने कार्यकर्ते म्हणतात, पूर्वी प्रचार खरा असायचा, आता नुसता देखावा. मुंबईत प्रचार कसकसा बदलत गेला? घरोघरी जाण्याला अजून अर्थ आहे का? असेल तर ते काम नीट कसं करायचं?"

अर्थ आहे, आणि आजच्या मुंबईत तो जास्तच आहे. जुन्या कार्यकर्त्यांचं म्हणणं मात्र जरा तपासून घ्या. प्रचाराची रीत कुणाच्या निष्ठेवर ठरत नाही. मत कसं टाकायचं, मतदार कोण आहे आणि कायद्याने कशाला बंदी आहे, या तीन गोष्टी बदलल्या की प्रचार बदलतो. दीडशे वर्षांत या शहरात हेच झालं.

मुंबई महापालिकेत निवडून आलेले सदस्य बसू लागले ते १८७२ च्या कायद्यानंतर. ६४ जागा होत्या. त्यातल्या ३२ करदात्यांनी भरायच्या, १६ जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी (सरकारने नेमलेले प्रतिष्ठित नागरिक) आणि १६ सरकारने. ठरावीक रकमेपेक्षा जास्त कर भरणाऱ्यालाच मत होतं, त्यामुळे उमेदवाराला आपले बहुतेक मतदार नावानिशी माहीत असत. गाठीभेटी आणि ज्ञातीतल्या वजनदार माणसाचा शब्द, एवढ्यावर काम भागे. पुढे मताधिकार रुंदावला तसा प्रचार रस्त्यावर आला. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत भायखळा-परळ भागातून स्वतंत्र मजूर पक्षाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर निवडून आले. त्यांच्यासमोर काँग्रेसने नामवंत क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांना उभं केलं होतं. लोकप्रिय चेहरा रिंगणात उतरवायची कल्पना इतकी जुनी आहे. पालिकेत प्रौढ मताधिकाराने पहिली निवडणूक झाली १९४८ मध्ये. तिथून प्रत्येक खोलीत मत आलं, आणि प्रचाराला प्रत्येक खोलीत जावं लागलं.

१९५१-५२ ची पहिली सार्वत्रिक निवडणूक प्रचार करणाऱ्याने मुळापासून समजून घ्यावी. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पोलादी पेटी असे, तिच्यावर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असे, आणि मतदाराने आडोशाला जाऊन आपल्या पसंतीच्या पेटीत कागद टाकायचा. या पेट्या मोठ्या संख्येने आपल्या विक्रोळीला, गोदरेजच्या कारखान्यात बनल्या. काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचं झाड, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती, कम्युनिस्टांचं कणीस-विळा अशी चिन्हं होती. बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं. म्हणून प्रचाराचं निम्मं काम एकच होतं: चित्र डोक्यात पक्कं बसवणं. भाषण विसरलं तरी चालेल, पेटी चुकता कामा नये.

त्यात उत्तर मुंबई हा मतदारसंघ दोन जागांचा होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव. प्रत्येकाला दोन मतपत्रिका मिळत आणि त्या दोन वेगळ्या पेट्यांत टाकायच्या होत्या. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर त्यातलं एक मत बाद. या निवडणुकीत राखीव जागेवर डॉ. आंबेडकर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून हरले, आणि सर्वसाधारण जागेवर समाजवादी पक्षाचे अशोक मेहता हरले. दोघांनी याचिका केली, पण तिला यश आलं नाही. मतदारांना दुसरं मत मुद्दाम वाया घालवायला सांगितलं गेलं, हा त्यातला मुख्य आक्षेप होता. याला तेव्हाच्या बोलीत 'मत कुजवणं' म्हणत. दोन जागांचे मतदारसंघ १९६१ च्या कायद्याने गेले. मुंबईत आजही एका प्रभागाला एकच नगरसेवक, त्यामुळे इथे हा प्रश्न येत नाही. पुणे, ठाण्याकडे जिथे बहुसदस्यीय प्रभाग आहेत, तिथे कार्यकर्त्याला अजूनही दारात उभं राहून समजवावं लागतं की बटणं एकाहून जास्त दाबायची आहेत.

१९६२ पासून सगळी नावं आणि चिन्हं एकाच मतपत्रिकेवर आली, आणि बाणाच्या फुलीचा रबरी शिक्का आला. लगेच प्रचारात नवा धडा आला: घडी कशी घालायची. शिक्क्याची शाई ओली असताना कागद आडवा दुमडला तर ठसा वरच्या किंवा खालच्या चिन्हावर उमटतो, आणि मोजणीच्या टेबलावर वाद सुरू होतो. म्हणून आधी उभी घडी, मग आडवी. हे दाखवायला कार्यकर्ते नमुना मतपत्रिका घेऊन फिरत आणि गॅलरीत बसलेल्या बायकांकडून दोन-दोनदा घडी घालून घेत. त्या पाच मिनिटांत उमेदवाराचं चिन्ह दहा वेळा डोळ्यांखालून जाई. शिकवण्याच्या निमित्ताने झालेला प्रचार सगळ्यात खोल रुजतो, कारण त्यात मतदाराचे हात गुंतलेले असतात. आज यंत्र आलं तरी हे सूत्र तसंच वापरता येतं, त्यावर पुढे लिहितो.

पन्नास-साठच्या दशकांतला मुंबईचा प्रचार म्हणजे गिरणगावचा प्रचार. लालबाग, परळ, शिवडी, वरळी, डिलाईल रोड. गिरण्या तीन पाळ्यांत चालत, म्हणून सभा पाळीच्या वेळेवर लागत. गेटसभेत भाषण सात-आठ मिनिटांचं. आत जाणारा कामगार घड्याळाकडे बघत असतो, तो थांबत नाही. सुटलेला थांबतो, पण पोटात भूक असते. चाळीत गावकऱ्यांच्या खोल्या होत्या, खानावळी होत्या, ग्रामस्थ मंडळं होती. रत्नागिरी-साताऱ्याच्या एकेका गावची मंडळी महिन्याच्या ठरलेल्या रविवारी जमत, आणि त्या बैठकीत उमेदवाराला दहा मिनिटं मिळाली तर वीस खोल्यांचं काम होई.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याने याला शाहिरीची जोड दिली. अमर शेख, अण्णाभाऊ साठे, गव्हाणकर ही मंडळी करमणुकीला उभी नव्हती, त्यांच्या डफावर सभेची मांडणी बेतलेली असे. सभा सातची, मुख्य वक्ता आधीच्या तीन सभा आटोपून साडेनऊला पोचणार. मधले अडीच तास नरे पार्कवरचा जमाव धरून ठेवायचा, आणि तोवर मुद्दा लोकांच्या तोंडात बसवायचा. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बाजूने आचार्य अत्रे दादरमधून विधानसभेत गेले आणि कॉम्रेड डांगे मुंबईतून लोकसभेत. अत्र्यांचं 'मराठा' दैनिक नोव्हेंबर १९५६ मध्ये सुरू झालं होतं. रात्रीची सभा, सकाळचा पेपर आणि दुपारची नाक्यावरची चर्चा अशी साखळी तेव्हा जुळली.

सिनेनटांचा प्रचारही नवा नाही. १९६२ ला उत्तर मुंबईत कृष्ण मेनन आणि आचार्य कृपलानी यांची लढत झाली, तेव्हा दिलीपकुमार मेननांसाठी फिरले होते. नटामुळे गर्दी येते, पण ती आपल्या मतदारसंघाची असतेच असं नाही. नट गेल्यावर त्याच गल्लीत दुसऱ्या दिवशी यादी घेऊन माणसं गेली, तरच गर्दीचं काही हाती लागतं. १९६७ ला दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटलांना हरवलं. पाटलांचं शहरातलं वजन इतकं होतं की मतदाराला आधी पटवावं लागत होतं की हे होऊ शकतं. बलाढ्य उमेदवारासमोर उभं राहताना प्रचाराचं पहिलं काम हेच असतं, धोरणं नंतर.

घोषणेबद्दल एक उदाहरण पुरे. १९७७ ला मृणाल गोरे उत्तर मुंबईतून उभ्या होत्या. पाण्याच्या आंदोलनामुळे लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणतच होते. घोषणा झाली: 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात.' दिल्लीवाली म्हणजे इंदिरा गांधी. नाव लोकांनीच दिलेलं, दोन्ही अर्धी वजनाला सारखी, चालता चालता म्हणता येणारी, आणि त्यात उमेदवाराचं काम आणि राग दोन्ही आलेले. घोषणा तपासायची असेल तर ती चालत म्हणून बघा. पाऊल अडखळलं तर बदला.

आता भिंत. विसाव्या शतकातल्या मुंबईचा प्रचार भिंतीवर होता. चुन्याचा पट्टा मारायचा, त्यावर गेरू आणि निळीने चिन्ह काढायचं. भिंत आधी कोण धरतो यावर मारामाऱ्या होत, म्हणून तारीख जाहीर व्हायच्या आधीच कोपऱ्यात पक्षाचं नाव आणि 'राखीव' असं लिहून ठेवत. कागदी पोस्टर बहुधा डबल क्राउन, म्हणजे २० बाय ३० इंच. त्याला लागे खळ. अंदाजे एक किलो मैदा थंड पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, सात-आठ लिटर उकळत्या पाण्यात बारीक धारेने सोडायचा आणि ढवळत राहायचं. पांढरेपणा जाऊन खळ काचेसारखी पारदर्शक दिसू लागली की उतरवायची. निवल्यावर चमचाभर मोरचूद पाण्यात विरघळवून घालायचा, नाहीतर झुरळं आणि उंदीर रातोरात कागद खातात. मोरचूद विषारी असतो, म्हणून खळीचा डबा वेगळा ठेवायचा. खळ घट्ट झाली तर वाळताना कागद ताणला जाऊन कडा सुटतात, पातळ झाली तर पोस्टर घसरतं. कागदाला मागून खळ लावून दोन मिनिटं थांबायचं, कारण ओला कागद फुगतो. लगेच लावला तर भिंतीवर सुरकुत्या पडतात. आणि सुटा चुना असलेल्या भिंतीवर कधीच लावायचं नाही, चुन्याच्या पापुद्र्यासकट खाली येतं. ही सगळी विद्या आता शहरात निरुपयोगी आहे. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम १९९५ चा आला, आणि पाठोपाठ फ्लेक्स. पोस्टर लावायला रात्री चार पोरं एकत्र निघत, त्यांना गल्ली न् गल्ली पाठ होत असे. फ्लेक्स ठेकेदार लावतो. हे नुकसान मोठं आहे, आणि जुने कार्यकर्ते हळहळतात ते बहुधा याच गोष्टीसाठी.

शाखा ही मुंबईच्या प्रचाराला मिळालेली वेगळी देणगी. शिवसेना जून १९६६ मध्ये स्थापन झाली आणि १९६८ च्या पालिका निवडणुकीत तिचे ४२ नगरसेवक आले. बाहेर लिहायचा फळा, आत एक टेबल, आणि रोज संध्याकाळी नळ, गटार, शाळाप्रवेश, रुग्णालयातली खाट यासाठी येणारी माणसं. शाखाप्रमुख, उपशाखाप्रमुख, गटप्रमुख या उतरंडीत गटप्रमुखाला आपल्या चाळीतली माणसं पाठ असत. मतं मागायला निवडणुकीत नव्याने ओळख काढावी लागत नसे. कुठलाही पक्ष असो, मुंबईत टिकला तो असं बारमाही टेबल टाकूनच. मान्यता नसलेल्या पक्षाची अडचण वेगळी असते, चिन्ह दर वेळी बदलतं. सेनेला धनुष्यबाण राखीव चिन्ह म्हणून मिळाला १९८९ ला; १९८५ च्या विधानसभेत छगन भुजबळ माझगावातून मशालीवर निवडून आले होते. अशा वेळी प्रचाराचे पहिले चार दिवस फक्त चिन्हाला द्यावे लागतात.

कायद्याकडे येताना मुंबईकर म्हणून एक गोष्ट लक्षात ठेवा: प्रचारात काय बोलू नये याचे देशातले मोठे निकाल इथल्याच उपनगरांतले आहेत. १९८७ ची विलेपार्ले पोटनिवडणूक डॉ. रमेश प्रभू जिंकले. धर्माच्या आधारे मतं मागितल्याच्या कारणावरून उच्च न्यायालयाने १९८९ ला ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये ते कायम केलं. भाषणं बाळासाहेब ठाकरे यांची होती. त्यांचा मताधिकार सहा वर्षं गेला. सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीवरून सुरू झालेल्या अभिराम सिंग खटल्यात जानेवारी २०१७ ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने सांगितलं की धर्म, जात, भाषा यांवरून मत मागणं म्हणताना उमेदवाराबरोबर मतदाराचा धर्म आणि जातही मोजायची. म्हणजे 'आपल्यातला आहे, त्याला मत द्या' हे दारात बोललेलं वाक्यही महागात पडू शकतं. कार्यकर्त्यांना पहिल्याच बैठकीत हे सांगा.

शेषन १९९० च्या डिसेंबरात मुख्य निवडणूक आयुक्त झाले आणि आचारसंहिता कागदावरून रस्त्यावर आली. १९९६ ला उमेदवारी अर्ज मागे घेण्याचा शेवटचा दिवस आणि मतदान यांतलं किमान अंतर वीस दिवसांवरून चौदावर आलं. मतदान संपण्याआधीचे ४८ तास जाहीर प्रचार बंद. रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. भिंत गेली, रात्र गेली, सहा दिवस गेले. उरलं दार. म्हणून घरोघरीचं काम पूर्वीपेक्षा जास्त मोलाचं झालं, असं मी वर म्हटलं.

आता ते काम. सुरुवात यादीपासून करा, पत्रकापासून नको. मतदार यादी भागांत असते. एका भागात पूर्वी दीड हजारांपर्यंत मतदार असत, २०२५ पासून मर्यादा बाराशेची आहे. पालिकेला विधानसभेचीच यादी प्रभागांत तोडून वापरतात, आणि तोडताना सीमेवरच्या इमारती शेजारच्या प्रभागात जातात. प्रारूप यादी आली की सीमारेषेवरची प्रत्येक इमारत चालत जाऊन तपासा आणि मुदतीत हरकत घ्या. नंतर काही करता येत नाही. यादीतला क्रमही इमारतीच्या क्रमाने नसतो. एकाच घरातला बाप ४१२ वर, सून १०८७ वर. म्हणून यादी जशीच्या तशी हातात देऊन कार्यकर्ता पाठवला तर तो दुसऱ्या मजल्यावर थकतो. आधी इमारत, मजला, खोली या क्रमाने नवी वही करा. एका खोलीला एक ओळ. रकाने सहा: खोली, नावं आणि अनुक्रमांक, फोन, कल, अडचण, आणि 'त्या दिवशी मुंबईत?'

हा शेवटचा रकाना मुंबईसाठी फार कळीचा. एप्रिल-मेमध्ये मतदान असलं की निम्मी चाळ कोकणात किंवा घाटावर असते, आणि मतदान शनिवार-रविवारला लागून आलं की बाकीचे लोणावळ्याला. आधी विचारलं तर चारातलं एक कुटुंब तिकीट दोन दिवस पुढे ढकलतं.

यादीत तीन प्रकारची नावं अडवतात. मयत नावं, लग्न होऊन गेलेल्या मुलींची, आणि पुनर्विकासात हललेल्यांची. तिसरा प्रकार मुंबईत सगळ्यात मोठा. इमारत पाडलेली, नावं जुन्या पत्त्यावर, माणसं संक्रमण शिबिरात किंवा विरार-डोंबिवलीला. सोसायटीच्या सेक्रेटरीकडे किंवा विकासकाच्या भाड्याच्या यादीवरून त्यांचा ठावठिकाणा लागतो. पत्ता बदलायला नमुना ८, नवं नाव घालायला नमुना ६, वगळायला नमुना ७. निवडणूक जाहीर झाल्यावर हे आठवलं तर उशीर झालेला असतो.

माणसांचा हिशेब असा मांडा. मुंबईच्या प्रभागात सरासरी ४५ हजारांच्या आसपास मतदार, म्हणजे साधारण १२ हजार दारं. दोघांची जोडी चाळीत तासाला पंचवीस दारं करते, टॉवरमध्ये बारा-पंधरा, कारण लिफ्ट, इंटरकॉम आणि बंद दारं. कामाची वेळ संध्याकाळी सात ते साडेनऊ. त्याआधी माणसं लोकलमध्ये असतात, नंतर ताटावर. म्हणजे जोडीला एका संध्याकाळी चाळीत साठ दारं धरा, टॉवरात तीस-पस्तीस. सगळा प्रभाग चाळींचा असेल तरी एका फेरीला दोनशे जोडी-संध्याकाळी लागतात. हातात बारा संध्याकाळी असतील तर सतरा जोड्या. आजारी पडणारे आणि न येणारे धरून वीस. हा झाला एका फेरीचा हिशेब. दुसरी फेरी फक्त बंद दारं आणि डळमळीत घरं यांची ठेवा, ती साधारण निम्म्यात होते. दुपारी अकरा ते एक बायकांची वेगळी जोडी पाठवा. रात्री नवरा दारात उभा असला की सासू-सुना बोलत नाहीत. दुपारी त्याच घरात पाण्याच्या वेळेपासून अंगणवाडीपर्यंत सगळं समजतं.

दारात बोलायचं दीड मिनिट. नाव घेऊन नमस्कार, 'सावंत काकू ना?', कारण वही हातात आहे. मग आपण कोण, कुणासाठी आलो, आणि लगेच प्रश्न: इथली मोठी अडचण काय? ते बोलतील ते त्यांच्यासमोर वहीत लिहा. शेवटी घरातली नावं यादीत आहेत का ते मोठ्याने वाचून दाखवा. हा आजचा घडी शिकवण्याचा धडा. आपलं नाव कुणी वाचतोय म्हटल्यावर आतली माणसंही दाराशी येतात. मत कुणाला देणार असं सरळ विचारू नका. बोलण्यावरून कल कळतो: अ म्हणजे आपलं, ब म्हणजे डळमळीत, क म्हणजे दुसरीकडचं. खूण जिना उतरल्यावर करा, दारात नको. वाद घालायचा नाही, दारातला वाद शेजारची चार दारं ऐकत असतात. वरच्या मजल्यापासून सुरुवात करून खाली या. दम शिल्लक असताना जिना चढलेला बरा, आणि वर गेल्याशिवाय काम संपत नाही हे आपोआप पाळलं जातं.

टॉवरात वॉचमनशी हुज्जत घालू नका. दोन दिवस आधी सेक्रेटरीला उमेदवाराच्या सहीचं पत्र द्या, वेळ मागा, दोघंच जा. परवानगी नाहीच मिळाली तर त्याच इमारतीत राहणारा एक माणूस शोधा आणि वही त्याच्या हाती द्या.

सगळ्यात जास्त काम कुठे बिघडतं? कार्यकर्ता पत्रकं दाराच्या कडीत खोचून येतो आणि वहीत 'भेट झाली' लिहितो. यावर उपाय एकच: रोज रात्री दहा वाजता प्रत्येक वहीतली तीन घरं निवडून फोन करा. पहिल्या दोन रात्रींत हे केलंत की पुढे करावं लागत नाही. दुसरी चूक, उमेदवाराला प्रत्येक दारात नेणं. उमेदवार फक्त 'ब' घरांसाठी आणि जिथे दुखवटा किंवा आजारपण आहे तिथे. बाकीचा वेळ चौकसभेला.

कागदपत्रांचं थोडक्यात. पुढची कलमं लोकसभा-विधानसभेला लागू असलेल्या लोकप्रतिनिधित्व कायद्याची आहेत. पालिकेला राज्य निवडणूक आयोगाचे स्वतःचे आदेश असतात, ते त्या वेळी वाचून घ्या. प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता हवा, कलम १२७-अ. छापण्याआधी प्रकाशकाने दोन ओळखीच्या माणसांच्या साक्षीने घोषणापत्र दोन प्रतींत द्यायचं, आणि मुद्रकाने छापल्यावर प्रती पाठवायच्या: मुंबईत, म्हणजे राज्याच्या राजधानीत छापलं तर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे, बाहेर छापलं तर तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे. नियम मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पत्रकं मतदारांच्या संख्येने छापू नका, दारांच्या संख्येवर वीस टक्के वाढवून छापा. १२ हजार दारांना पंधरा हजारांच्या आत भागतं. खर्चासाठी अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी स्वतंत्र बँक खातं उघडायचं. नोंदवहीत तीन भाग असतात, रोजच्या खर्चाचा पांढरा, रोखीचा गुलाबी आणि बँकेचा पिवळा. एका व्यक्तीला रोख दहा हजारांपर्यंतच. वडापाव आणि चहाचा खर्च रोज लिहा. आठवड्याने एकदम लिहिला की निरीक्षकांच्या नोंदीशी जुळत नाही. समाजमाध्यमांवरच्या जाहिरातीला आधी निवडणूक आयोगाच्या माध्यम समितीचं प्रमाणपत्र लागतं.

मतदानाच्या दिवशी. मतदान सातला असेल तर आपला मतदान प्रतिनिधी साडेपाचला केंद्रात हवा, कारण अभिरूप मतदान दीड तास आधी होतं. त्यात किमान पन्नास मतं टाकून बघतात आणि मग यंत्र रिकामं करतात. रिकामं केलेलं डोळ्यांनी पाहायचं आणि मगच सही करायची. आत बसलेल्या प्रतिनिधीने कुणी मत दिलं याचे अनुक्रमांक लिहून चिठ्ठ्या बाहेर पाठवायला मनाई आहे. नवखी माणसं इथे हमखास चुकतात. हजेरी आपल्या टेबलावर ठेवा. टेबल एक, खुर्च्या दोन, केंद्रापासून आधी २०० मीटर लांब लागायचं, २०२५ मध्ये आयोगाने ते १०० मीटरवर आणलं. तिथून दिल्या जाणाऱ्या स्लिपा कोऱ्या पांढऱ्या कागदावरच, चिन्ह किंवा नाव नाही. स्लिप नेली की वहीत खूण. दुपारी एक वाजता 'अ' घरांतली बिनखुणेची नावं गटप्रमुखाला द्या, चारला पुन्हा. मतदारांना आणायला रिक्षा-टॅक्सी भाड्याने ठरवू नका, आजी-आजोबांसाठीसुद्धा नको. कलम १२३(५) खाली तो भ्रष्ट आचार ठरतो आणि निवड रद्द होऊ शकते. ८५ वर्षांवरच्यांना लोकसभा-विधानसभेला घरून मत देता येतं, त्यासाठी अधिसूचनेनंतर पाच दिवसांत नमुना १२-ड भरून घ्यावा लागतो. मे २०२४ ला मुंबईत उन्हात लांब रांगा लागल्या, आणि फोन आत नेता येत नाही म्हणून कित्येक जण तसेच परतले. फोन घरी ठेवून या, शक्यतो दहाच्या आत या, हे आदल्या दिवशी प्रत्येक 'अ' घरी फोन करून सांगा.

संध्याकाळी यंत्र मोहोरबंद होताना प्रतिनिधीने नमुना १७-क ची, म्हणजे केंद्रावर नोंदल्या गेलेल्या मतांच्या हिशेबाची, प्रत घेतल्याशिवाय उठू नये. मोजणीला एकूण मतांचा आकडा याच कागदाशी ताडला जातो. निकालानंतर तीस दिवसांत खर्चाचा हिशेब सादर करायचा, हरलात तरी. आणि त्या खोलीवार वह्या रद्दीत घालू नका. त्यात लिहून आणलेल्या अडचणी पहिल्या महिन्यात इमारतवार वेगळ्या काढा आणि ज्या जोडीने जी इमारत केली होती, तिलाच तिथे परत पाठवा.